नऊ दिवसांची विश्रांती

बत्तीस वर्षं मी लोकांना थुंकायला सांगितलं आणि त्याचा पगार घेतला. संपादकांनी कामाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा हेच वाक्य सुचलं, आणि लगेच खोडलं. मग म्हटलं, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आता कोणाची भीड धरायची? आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, "ही लॅबमध्ये असते." कसली लॅब, असं कोणी विचारलं की चहा झाला का बघायला आत पळायचे. सासूबाईंनी तर शेवटपर्यंत मला स्वयंपाकघरात शिरण्याआधी दोनदा हात धुवायला लावले.

बडोद्यात खेळाडूंच्या एका प्रशिक्षण केंद्राला जोडलेली छोटी प्रयोगशाळा होती, तिथं मी तंत्रज्ञ होते. धावणारे, पोहणारे, कुस्तीगीर यांचं रक्त आणि लाळ घ्यायची, तपासायची आणि आकडे वहीत लिहायचे. लाळेत एक द्रव्य असतं, त्याला आम्ही आय-जी-ए म्हणतो. नाकातोंडातून शिरणाऱ्या जंतूंना दारातच अडवणारा हा पहारेकरी. माणूस फार दमला की लाळेतला हा पहारा बहुतेकदा उतरतो. तपासायला सुई लागत नाही. खाली मान घालून पाच मिनिटं नळीत लाळ गळू द्यायची, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं, पण भरल्या खोलीत असं बसायला सांगितलं की भल्याभल्यांच्या तोंडाला कोरड पडते. एक पैलवान उस्ताद खोलीत असेपर्यंत थुंकायलाच तयार नव्हता. मोठ्या माणसासमोर थुंकायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. शेवटी उस्तादांना बाहेर बाकावर बसवलं. एक पोहणारा नेमानं मुखवास खाऊन यायचा आणि त्याच्या नळीत बडीशेप तरंगायची. एकदा तर एक वडील मुलाची लाळ जॅमच्या बाटलीत घेऊन एसटीनं आले.

"छोकराने टाइम नथी, बेन. एटले हुंज लई आव्यो."

मुलाला वेळ नाही, म्हणून स्वतःच घेऊन आलेले. मी विचारलं, ही कधीची? म्हणाले, "परवाची. पण फ्रिजमां ठेवली होती."

अशा गोष्टी सांगितल्या की लोक हसतात. हसून झालं की एकच प्रश्न विचारतात, इतकी वर्षं तोच. निजामपुऱ्यात आमच्या सोसायटीच्या जिन्यात आजही कोणी ना कोणी मला थांबवतं. "मोहितेबेन, तुम्ही त्यातल्या ना? मग आवळा किती घ्यायचा? हळदीचं दूध चालेल का? मॅरेथॉनमां नाव नोंधाव्युं छे." आता मला खरंच थकवा येतो. गुडघे दुखतात तो वेगळा, हा उत्तरं देण्याचा थकवा आहे.

तरी एकदा नीट सांगते. झाडं दिवसभर उन्हात उभी असतात, त्यांना सावलीत जायची सोय नाही. म्हणून ती आपल्या पानाफळांत संरक्षणाची रसायनं तयार करतात. आवळ्याचा तुरटपणा, जांभळाचा रंग, हळदीचा पिवळेपणा यांत ती असतात. अँटीऑक्सिडंट म्हणतात ती ही. माणूस जीव तोडून पळतो तेव्हा त्याच्या स्नायूंत ऑक्सिजनपासून काही तापट कण तयार होतात आणि ते आजूबाजूला इजा करतात. झाडांची ती रसायनं खाल्ली तर इजा कमी होईल आणि पहाराही टिकेल, असा तर्क आहे. कागदावर तो सुंदर दिसतो. अडचण अशी की ते तापट कण नुसते शत्रू नसतात. "आता बळकट हो" हा निरोप स्नायूला देण्यात त्यांचाही हात असतो. गोळ्या आणि चूर्णं भसाभस घेतली तर तो निरोपही दबू शकतो. शिवाय दमल्यावर प्रतिकारशक्ती खरोखर पडते, की पहारेकरी नुसते दुसऱ्या कामावर गेलेले असतात, यावर जाणकार अजून भांडताहेत. कोणी म्हणतात, खेळाडू आजारी पडतो तो पळून नाही, तर अपुऱ्या झोपेनं, अर्धपोटी राहून, प्रवासानं आणि काळजीनं. मला विचाराल तर सगळ्यांचंच थोडं थोडं खरं आहे. पण जिन्यात उभं राहून एवढं कोण ऐकतं? त्यांना चमचे किती ते हवं असतं. मीही पूर्वी "रोज एक आवळा खा" म्हणायची आणि दार लावायची. आवळ्यानं कोणाचं वाईट होत नाही, असं म्हणायची मला सवय होती. ती मोडली त्याची ही हकिगत.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. चिमनभाई म्हणून एक गृहस्थ होते, वाघोडियाला त्यांचा आवळ्याच्या चूर्णाचा कारखाना. माणूस गोड, बोलायला लागला की समोरच्याला आपणच आजारी आहोत असं वाटायचं. आपलं चूर्ण घेऊन धावपटू आजारी पडत नाहीत, हे त्यांना प्रयोगशाळेकडून लिहून हवं होतं. आमच्या प्रमुख मॅडम दक्षिणेकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. फार काटेकोर बाई. त्या म्हणाल्या, लिहून मिळणार नाही, तपासून मिळेल. चोवीस धावपटू घेतले. बाराजणांना आवळ्याचं चूर्ण, बाराजणांना दिसायला आणि चवीला तसंच आंबट, पण आत काही नसलेलं. कोणाला काय मिळतंय हे त्यांना माहीत नव्हतं, प्रशिक्षक पवार सरांना नव्हतं, मॅडमनाही नव्हतं. ती यादी फक्त माझ्या कपाटात. चार आठवडे कसून सराव, मग एक आठवडा पूर्ण विश्रांती. सरावात पहारा किती उतरतो आणि विश्रांतीत किती भरून येतो, हे दोन्ही गटांत मोजायचं.

वेळापत्रक करायचं काम मॅडमनी माझ्यावर टाकलं. "तुम्ही इथल्याच आहात. सण, सुट्ट्या तुम्हाला माहीत." आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत आले आणि इथंच राहिले, माझं माहेर जुन्या शहरातल्या गल्लीत, घडियाळी पोळेत. माझ्याइतकं इथलं दुसरं कोण असणार? मी विश्रांतीचा आठवडा नवरात्रात टाकला, नऊही दिवस धरून. मला वाटलं, काय अक्कल चालवली! नाहीतरी मैदानावर गरब्याचा मंडप पडणार, पळायला जागा नसणार. पवार सरांनीही पाठ थोपटली.

या चोवीसांत नयना होती. छोटा उदेपूरकडच्या एका गावातली, वसतिगृहात राहायची, पाच हजार मीटर पळायची. एका सरकारी खात्यात खेळाडूंसाठी राखीव जागा होत्या. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी त्यांची निवड चाचणी होती. पुढच्या वर्षी नयनाचं वय बसणार नव्हतं, म्हणजे ही शेवटची संधी. घरात नोकरी लागलेलं कोणीच नव्हतं. निवडीला लागणारी वेळ तिच्या पायांत होती, ती निवडली जाईल याबद्दल पवार सरांना शंका नव्हती. भानगड एकच होती. सराव वाढला की तिचा घसा धरायचा आणि नेमकी शर्यत हातची जायची. दोनदा तसं झालं होतं. रोज सकाळी नमुना द्यायला ती सगळ्यांच्या आधी यायची आणि नळी हातात घेताना म्हणायची, "आ वखते गळुं न बगडे एटलुं करो, बेन." या खेपेला घसा बिघडू देऊ नका, एवढंच तिचं मागणं होतं. यादीत तिच्या नावापुढे आंबट पिठाचा डबा होता. मला रोज ते दिसायचं, आणि मी काही बोलायची नाही. तसाच नियम होता.

विश्रांतीचा आठवडा संपला. दसऱ्याच्या सकाळी सगळ्यांचे नमुने घेतले, फॉर्म भरून घेतले. "या आठवड्यात किती सराव किंवा व्यायाम केला?" चोवीसही जणांनी शून्य लिहिलं. झोपेच्या रकान्यात आठ तास, नऊ तास. मला वाटलं, बघा, किती शिस्तीची पोरं.

दुसऱ्या दिवशी आमचा डीप फ्रीझर बसला. नमुने खराब होण्याआधी तपासून टाकावे म्हणून मी ताबडतोब कामाला लागले. या तपासणीत छोट्या छोट्या वाट्यांच्या ताटलीत रंग येतो. पहारा जितका जास्त, तितका पिवळा गडद. विश्रांतीच्या आठवड्याचा रंग सरावाच्या आठवड्यांपेक्षा गडद यायला हवा होता. आला फिका. सगळ्यांचाच, आवळावाल्यांचा आणि पीठवाल्यांचा सारखाच. सर्वांत फिकी वाटी नयनाची. जवळजवळ पाणी.

मी काय केलं? फ्रीझर बसला होता, म्हणून नमुने उतरले असणार असं ठरवलं. एवढी वर्षं त्या पिवळ्या रंगावर विश्वास ठेवला, आणि त्या दिवशी कागदावरच्या शून्यावर ठेवला. हे मला आजही पचत नाही. नुकते घेतलेले नमुने एका दिवसात इतके उतरत नाहीत, हे मला पुरतं ठाऊक होतं. मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या, पुन्हा तपासू. आकडे माझ्या वहीत राहिले.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी नयना आली. गळ्याला ओढणी गुंडाळलेली, आवाज बसलेला. अंग जरा कोमट लागलं.

"बेन, घसा धरतोय. उद्या पळू की नको?"

असं सरळ कोणी मला कधी विचारलं नव्हतं. ही मुलगी माझ्यासमोर उभी, आणि तिची पाण्यासारखी फिकी वाटी मी तीन दिवसांपूर्वी पाहिलेली. "नको" म्हणायला तोंड उघडलं, आणि मनात आलं, मी काही डॉक्टर नाही. शेवटची संधी आहे पोरीची. आणि आकडे खोटे असतील तर? डॉक्टरांकडे जा, एवढं तरी म्हणता आलं असतं. तेही म्हटलं नाही. डॉक्टर पळू देणार नाहीत हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं, म्हणूनच ती त्यांच्याकडे न जाता माझ्याकडे आली होती. मी म्हटलं, "आठवडाभर आराम झालाय ना तुझा? मग घाबरतेस कशाला?" आणि कपाट उघडून आवळ्याचा खरा डबा काढला, दोन मोठे चमचे पाण्यात कालवले आणि तिला प्यायला दिले. अभ्यासाचा नियम मोडला, आणि वर स्वतःला शाबासकी दिली की आपण पोरीसाठी काहीतरी केलं. नको म्हणायला मी डॉक्टर नव्हते, चूर्ण द्यायला मात्र झाले. तिनं माझ्या पायांना हात लावला आणि गेली.

चाचणीला मी नव्हते, पवार सरांनी फोनवर सांगितलं. पहिले सहा फेरे नयना पुढे होती. मग मागे मागे पडत गेली. शेवटचा फेरा अक्षरशः चालत आली, रेषा ओलांडली आणि बसली ती उठलीच नाही. अंगात सणसणून ताप. दवाखान्यात दाखल केलं. संसर्ग हृदयापर्यंत गेलेला नाही ना, हे बघायला डॉक्टरांनी चार दिवस ठेवून घेतलं. नशिबानं तसं काही निघालं नाही, पण डॉक्टर पवार सरांना खूप बोलले. तापात पळवता कसं, म्हणाले. सरांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. त्यांना काही माहीतच नव्हतं. ऐकून घ्यायला हवं होतं ते मी.

तिसऱ्या दिवशी मी शहाळं घेऊन गेले. पडल्या पडल्या ती हसली. मी विचारलं, "नयना, तुझा त्या आठवड्यात आराम झाला होता ना?"

"हो बेन. फुल आराम. कंईज नथी कर्युं. फक्त गरबा."

"किती दिवस?"

तिला प्रश्नच विचित्र वाटला. "नवे नव दिवस. आखं हॉस्टेल जातं ना! माझा तर उपवास होता, फळांवर. तरी शेवटपर्यंत रमले. अनवाणी."

गरबा म्हणजे रोज रात्री चार-चार तास. उपाशीपोटी, नऊ दिवस. मग सकाळी मैदान बंद म्हणून उशिरापर्यंत झोप, तिचे आठ तास. फॉर्ममध्ये एक अक्षर खोटं नव्हतं. चोवीस जणांनी चार आठवडे सराव करून जितकं अंग दमवलं नसेल तितकं विश्रांतीत दमवलं होतं, आणि लाळेनं ते इमानदारीनं सांगितलं होतं.

मॅडमना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चार तास? रोज? आणि हे तुम्हाला व्यायाम वाटलं नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"मैदानावरचा मंडप तर तुम्हीच मला दाखवला होता."

दाखवला होता. मी स्वतः लग्नाआधी घडियाळी पोळेत नऊ दिवस पाय सुजेपर्यंत गरबा केलाय. पण देवीभोवती फेर धरतो त्याला बडोद्यात कोणी व्यायाम म्हणत नाही. ते मोजायचं असतं हेच डोक्यात येत नाही. बाहेरून आलेल्या बाईनं हा आठवडा नवरात्रात टाकला असता तर तिनं निदान विचारलं तरी असतं, की हे लोक या दिवसांत करतात काय. मी इथली, म्हणून मला विचारावंसं वाटलं नाही.

चिमनभाईंचं म्हणणं, तो एक आठवडा काढून टाका आणि बाकीचं छापा. मॅडम नाही म्हणाल्या. अभ्यास बासनात गेला. दोन चमच्यांची गोष्ट मी मॅडमना सांगितली. त्यांनी ती वहीत माझ्याच हातानं लिहायला लावली आणि खाली सही घेतली. नोकरी गेली नाही. गेली असती तर कदाचित हलकं वाटलं असतं.

नयना बरी झाली, गावी गेली. माझ्या कपाटातली यादी, ती फिकी वाटी, वहीतला आकडा, यातलं मी तिला काही सांगितलं नाही. आधी वाटलं, आजारी आहे, आत्ता नको. मग पुढच्या वर्षी तिचं वय निघून गेलं तेव्हा वाटलं, आता सांगून काय उपयोग. नंतरची सात वर्षं मी काम नीट केलं, पण उत्साह गेला तो गेलाच. खेळाडू नळी घेऊन समोर बसला की त्याच्याकडे बघायचं टाळायची.

या श्रावणात तिचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. आता ती गावाकडच्या एका आश्रमशाळेत मुलींना खेळ शिकवते. आवाज भरदार, बाईंचा झालाय. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि म्हणाली, "बेन, एक छोकरी आहे माझ्याकडे. चौदा वर्षांची. फार छान पळते. उद्या जिल्ह्याची निवड आहे आणि आज तिचा घसा धरलाय, अंग गरम लागतंय. काय देऊ तिला? तुम्ही मला ते आवळ्याचं दिलं होतं तसं काही?"

मी म्हटलं, "काही देऊ नकोस. दवाखान्यात ने. उद्या पळवू नकोस."

"बेन, पण निवड..."

"नयना, ऐक." आणि नऊ वर्षं आत ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. रोज दिलेलं ते पीठ, फिका रंग, सर्वांत फिका तिचा. आकडा वहीत असताना मी तिला पळ म्हटलं, आणि आकडा सांगायच्या ऐवजी चूर्ण पाजलं.

तिच्या मागे मुलींचा गलका ऐकू येत होता.

"तुम्ही सांगितलं असतं तरी मी पळाले असते, बेन," ती म्हणाली.

मला जरा श्वास आला.

"पण मग ते मी ठरवलेलं असतं."

मी काही बोलायच्या आत तिनं कोणाला तरी हाक मारली. फोन तसाच हातात होता तिच्या. मुलीला तोंड उघडायला सांगितलं, कपाळाला हात लावला असावा. मग तिनं तिला सगळं नीट समजावून सांगितलं, ताप का चढतो, तापात पळालं तर काय होऊ शकतं, आणि शेवटी म्हणाली, "काले तारे दोडवानुं नथी." उद्या तू पळायचं नाहीस.

मुलगी रडायला लागली. आधी हळू, मग हमसून हमसून. नयनानं फोन बंद केला नाही. मीही नाही. तिनं मला ते रडणं सगळं ऐकू दिलं, आणि मी कानाला फोन लावून ते संपेपर्यंत ऐकत बसले.